मक्तेदारीचे माप

हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर दुर्ग सोडून पूर्वेकडे निघालेली गाडी भिलाई नगर ओलांडते आणि थोड्याच वेळात भिलाई पावर हाउस या स्थानकात येते. स्थानकाभोवतीची वस्तीही पावर हाउस याच नावाने ओळखली जाते. पोलाद कारखान्याच्या आखीव सेक्टरांतून येथील जवाहर मार्केटमध्ये आले, की नियोजित नगराची शिस्त संपते आणि बाजाराची गजबज सुरू होते. कापड, भांडी, घड्याळे, विजेची उपकरणे, भ्रमणध्वनी अशा सर्व वस्तूंची दुकाने एकमेकांना खेटून उभी असतात. अशा बाजारपेठेतील दुकानदाराचा प्रतिस्पर्धी पूर्वी समोरच्या ओळीत बसत असे. आता तो ग्राहकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत बसतो, आणि तो भ्रमणध्वनी पुष्कळदा याच बाजारातून विकला गेलेला असतो.

या नव्या प्रतिस्पर्ध्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते तो मक्तेदार असून लहान व्यापाऱ्याला गिळून टाकणार आहे. तर काहींच्या मते तो केवळ अधिक कार्यक्षम असून ग्राहकाने त्याला स्वखुशीने निवडले आहे. या मतांची पारख करण्यापूर्वी मक्तेदारी कशास म्हणावे, हे निश्चित केले पाहिजे.

मराठीत 'मक्ता' म्हणजे ठरावीक रक्कम भरून मिळवलेला वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क. जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता, बाजारवसुलीचा मक्ता हे प्रयोग परिचित आहेत. असा मक्ता सरकार देत असे. त्याला मुदत असे, आणि मुदत संपताच त्याचा पुन्हा लिलाव होई. आज्ञावलींच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या, क्षेत्रातील मक्त्याला देणाराही नाही आणि मुदतही नाही. जी आज्ञावली पुष्कळ लोक वापरतात ती आणखी लोकांना वापरावी लागते, आणि या वाढत्या संख्येतूनच तो मक्ता निर्माण होतो. मग तो ओळखावा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पावर हाउसच्या फलाटासमोरून जाणारे रूळ उपयोगी पडतात.

दोन मापांचे लोहमार्ग

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो रुंद मापाचा होता. त्याच्या दोन रुळांतील अंतर पाच फूट सहा इंच होते. पुढे छत्तीसगढमधील धान्य बाहेर आणण्यासाठी नागपूर-छत्तीसगढ रेल्वे बांधण्यात आली. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती राजनांदगावपर्यंत गेली. परंतु ती मीटरमापी होती. याचा परिणाम उघड होता. राजनांदगावहून आलेला डबा नागपूरच्या पुढे जाऊ शकत नसे. त्यातील प्रत्येक पोते उतरवून रुंदमापी डब्यात पुन्हा चढवावे लागे. या खटाटोपात हमाली लागे, वेळ जाई आणि मालाची नासधूसही होई. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग आपल्याकडे घेतला, त्याचे माप बदलून तो रुंद केला आणि पूर्वेकडे वाढवला. त्यानंतर छत्तीसगढमध्ये भरलेला डबा न उघडता मुंबईपर्यंत जाऊ शकला.

नागपुरातील हमालीचा भार अखेर शेतकरी व व्यापारी यांच्यावरच पडत होता. कोणीही त्यांना कोंडून ठेवले नव्हते. दोन मापे जुळत नव्हती, एवढेच त्यांना अडवण्यास पुरेसे होते. आजच्या संगणकव्यवहारातील पुष्कळशी अडवणूक याच जातीची आहे.

एकच विक्रेता, पण उघडे माप

याच मार्गावर भिलाईचे दुसरे उदाहरण मिळते. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि १९६० मध्ये तेथे रूळ तयार होऊ लागले. त्यानंतर कित्येक दशके भारतीय रेल्वे आपल्या रुळांसाठी जवळजवळ सर्वस्वी भिलाईवर अवलंबून होती. बाजारात एक विक्रेता आणि एक ग्राहक, अशी ही स्थिती होती. संख्येच्या कसोटीवर याहून पूर्ण मक्तेदारी क्वचितच आढळेल.

तथापि रेल्वेची गरज वाढली आणि भिलाईचा पुरवठा अपुरा पडू लागला, तेव्हा २०१८ मध्ये रेल्वेने छत्तीसगढमधीलच रायगढ येथे कारखाना असलेल्या जिंदल स्टील अँड पॉवर या खाजगी कंपनीकडून रूळ घेतले. त्यासाठी स्लीपर बदलावे लागले नाहीत, की डब्यांची चाके बदलावी लागली नाहीत. रुळाचा छेद कसा असावा, दर मीटरला त्याचे वजन किती असावे, पोलादात कोणते घटक किती प्रमाणात असावेत, चाचण्या कोणत्या व्हाव्यात, हे सर्व रेल्वेच्या लेखी विनिर्देशांत ठरलेले असते. ते पाळणाऱ्या कोणत्याही कारखान्याचा रूळ भिलाईच्या रुळाला जोडता येतो. विक्रेता एकच होता, पण माप विक्रेत्याच्या मालकीचे नव्हते. म्हणून वेळ येताच ग्राहकाला दुसऱ्याकडे जाता आले.

आकार हे मक्तेदारीचे एक माप होय; ग्राहकाला बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, हे दुसरे. भारतीय कायद्याचा प्रवासही साधारणतः पहिल्या मापाकडून दुसऱ्याकडे झाला आहे. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमाचे लक्ष मुख्यतः उद्योगसमूहांच्या मत्तेच्या आकाराकडे होते. त्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने मोठे असणे हा अपराध मानलेला नाही; वर्चस्वाचा गैरवापर हा अपराध मानला आहे.

अक्षरांचे माप

मराठी वाचकाने या दुसऱ्या मापाचा अनुभव स्वतःच्या लिपीत घेतला आहे. संगणकावर देवनागरी आली तेव्हा निरनिराळ्या टंकांनी अक्षरांसाठी निरनिराळे संकेत वापरले. हिंदी प्रदेशातील टंकलेखनात रुळलेल्या 'कृतिदेव' टंकात संगणक प्रत्यक्षात इंग्रजी 'डी' या अक्षराचा संकेत साठवत असे आणि पडद्यावर मात्र 'क' उमटे. तो टंक ज्या संगणकावर नसेल तेथे तोच मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगेसारखा दिसे. लेखकाने लिहिलेले पुस्तक मुद्रकाला वाचता येत नसे. एका कचेरीचे पत्र दुसऱ्या कचेरीत पुन्हा टंकलिखित करावे लागे. नागपूरच्या स्थानकावरील पोत्यांची चढ-उतार येथे अक्षरांच्या नशिबी आली होती.

यावर उपाय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी समान संकेतांचे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. परंतु जुन्या टंकांत साठलेला मजकूर आणि त्यांवर बसलेला हात यांमुळे बदल फार सावकाश झाला. मानक प्रसिद्ध होणे आणि ते रूढ होणे यांत अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. ते पडते तेव्हा त्याचा खर्च लहान मुद्रक, शाळा आणि ग्रंथालये यांनाच सोसावा लागतो.

खिशातील आज्ञावली

आज्ञावली तयार करण्यास अतोनात खर्च येतो. पण तिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शिवाय बहुसंख्य लोक जी वापरतात तिच्यासाठीच इतर आज्ञावली लिहिल्या जातात. त्यामुळे या क्षेत्रात एक-दोन विजेतेच उरण्याकडे कल असतो. विजेत्याने आपले एका जागचे बळ दुसऱ्या जागी वापरावे का, हा खरा वाद आहे. अमेरिकेच्या शासनाने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध खटला भरला तो याच मुद्द्यावर. विंडोज प्रणालीला जोडून स्वतःचा ब्राउझर देऊन कंपनीने प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवली, असा आरोप होता. जून २००० मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मात्र कंपनीने मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष बहुतांशी कायम ठेवला.

भारतात हाच प्रश्न भ्रमणध्वनीच्या रूपाने आला. येथील दर दहा स्मार्टफोनांपैकी नऊंहून अधिक गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गूगलच्या आज्ञावलींचा संपूर्ण संच आधीच बसवावा लागतो आणि हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असा निर्णय देऊन भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले, आणि पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान, जानेवारी २०२३ मध्येच गूगलने भारतातील उत्पादकांना आज्ञावली सुट्या घेण्याची आणि ग्राहकाला शोधयंत्र निवडण्याची मुभा जाहीर केली होती. दंडाच्या रकमेपेक्षा हा बदल अधिक महत्त्वाचा म्हटला पाहिजे.

अडत्या आणि व्यापारी

ऑनलाइन बाजाराचे स्वरूप धान्यबाजाराच्या परिभाषेत चांगले समजते. अडत्या स्वतः माल विकत घेत नाही. तो शेतकऱ्याची आणि खरेदीदाराची गाठ घालून देतो आणि आपली अडत घेतो. तोच जर गुपचूप खरेदीदारही झाला, तर त्याच्या शब्दावर शेतकऱ्याने विसंबावे कसे? ऑनलाइन बाजाराचा मालक अडत्याच्या जागी असतो. कोणता माल प्रथम दिसावा हे तो ठरवतो आणि कोणता माल कोठे किती खपतो हे तोच जाणतो. त्याचा एखाद्या विक्रेत्यात हितसंबंध असला, तर इतर विक्रेत्यांची स्थिती त्या शेतकऱ्यासारखी होते. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारांनी आपली भागीदारी असलेल्या कंपनीमार्फत त्याच बाजारात माल विकू नये, हा १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेला नियम याच शंकेतून आला. निवडक विक्रेत्यांना झुकते माप मिळते या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांची चौकशी करण्याचा आदेश दिला.

ऑनलाइन खरेदीने ग्राहकाला जे दिले ते नाकारणे मात्र अन्यायाचे होईल. किमतींची तुलना, न आवडलेला माल परत करण्याची सोय, महानगराबाहेर सहसा न मिळणारे पुस्तक किंवा यंत्राचा सुटा भाग घरपोच मिळणे, हे लाभ खरे आहेत. लहान विक्रेत्यालाही शहराबाहेरचा ग्राहक मिळतो. त्याची अडचण पुढे उद्भवते. जवाहर मार्केटमधील दुकानदाराला भाडे परवडेनासे झाले, तर तो सुपेल्याला जागा घेऊ शकतो. त्याचे नाव, त्याची खातेवही आणि त्याची जुनी गिऱ्हाइके त्याच्याबरोबर जातात. ऑनलाइन बाजारात पाच वर्षे राबून मिळवलेली ग्राहकांची पसंती आणि शेरे त्या बाजाराच्या दप्तरातच राहतात. दलाली वाढली म्हणून तो अन्यत्र गेला, तर तेथे तो नवखा ठरतो. लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने मक्तेदारीचे मर्म येथे आहे: त्याने कमावलेली पत त्याला बरोबर नेता येत नाही.

वाट मोकळी ठेवण्याचे प्रयोग

ही पत बरोबर नेता येईल अशी व्यवस्था शक्य आहे काय? दूरसंचाराच्या क्षेत्रात ती झाली आहे. जानेवारी २०११ पासून देशभर आणि जुलै २०१५ पासून एका दूरसंचार क्षेत्रातून दुसऱ्यातही, क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्यापूर्वी कंपनी सोडणे म्हणजे सर्व परिचितांना नवा क्रमांक कळवणे होते.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या देयकव्यवस्थेचे उदाहरण अधिक बोलके आहे. भाजीवाल्याच्या गाड्यावर लावलेला एकच चौकोनी संकेत कोणत्याही बँकेच्या आणि कोणत्याही कंपनीच्या ॲपने वाचता येतो. या व्यवस्थेतही दोन कंपन्यांकडे तीन-चतुर्थांशाहून अधिक व्यवहार एकवटले. कोणाकडेही तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा निर्बंध नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. परंतु त्याची मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरपर्यंत गेली. आकाराच्या मापाने पाहता हे एकवटलेपण चिंतेचे आहे. तथापि येथे ॲप बदलणाऱ्याचे बँकखाते बदलत नाही आणि समोरच्या दुकानदाराला काही कळवावेही लागत नाही. भिलाईच्या रुळांप्रमाणे येथेही माप कोणा एका विक्रेत्याच्या मालकीचे नाही.

हेच तत्त्व किरकोळ व्यापाराला लावण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. एका ॲपवर नोंदलेला विक्रेता दुसऱ्या ॲपवरील ग्राहकालाही दिसावा, ही तिची कल्पना. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पाठवण्यापेक्षा माल पाठवणे अवघड असते. तो फुटतो, उशिरा पोहोचतो, परत येतो. आणि अशा वेळी जबाबदारी कोणाची, हे अनेक हातांच्या व्यवस्थेत ठरवणे सोपे नसते. एकाच मालकाचा बाजार लोकांना आवडतो तो बऱ्याच अंशी यामुळेच. तक्रार कोठे करायची हे तेथे ठाऊक असते. खुल्या व्यवस्थेने या विश्वासाची भरपाई केली नाही, तर ती कितीही न्याय्य असली तरी ओस पडेल.

म्हणून मोठ्या कंपनीचा केवळ धिक्कार करून किंवा केवळ गौरव करून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. फोन घेणाऱ्याने, आज्ञावली निवडणाऱ्या शाळेने किंवा ऑनलाइन बाजारात नाव नोंदवणाऱ्या दुकानदाराने आरंभीच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. येथून उद्या निघायचे झाले, तर आपला मजकूर, आपला हिशेब आणि आपली पत बरोबर नेता येईल काय? आणि ज्या मापाने हे सर्व साठवले आहे, ते माप ठरवतो कोण? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर आजची स्वस्ताई स्वीकारतानाही उद्याची हमाली हिशेबात धरावी लागेल. राजनांदगावच्या व्यापाऱ्याला ती नागपूरला पोहोचल्यावर दर पोत्यामागे मोजावी लागत होती.