बिछडीच्या विहिरी : परिसर-अभ्यास व नागरिकशास्त्राचा एक पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)



पाण्याचे उपयोग, पाण्याची रूपे, पाण्याची काटकसर हे पाठ आपण दरवर्षी घेतो. परंतु पिण्याचे पाणी कारखान्याच्या रसायनांनी दूषित झाले असता काय घडते व गावाने काय करावे, याचा विचार वर्गात क्वचितच होतो. औद्योगिक वसाहती आज खेड्यांच्या शिवेपर्यंत आल्या आहेत. यास्तव एका गावाची खरी हकीकत व तिच्या आधारे घ्यावयाचा पाठ येथे देत आहे.

१. हकीकत

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे खेडे आहे. तेथे १९८८ च्या सुमारास ‘एच-आम्ल’ तयार करण्यास आरंभ झाला. हे रसायन कापडाचे रंग बनविण्यासाठी लागते. पाश्चात्त्य देशांत त्याच्या उत्पादनास बंदी झाली असली तरी त्याची गरज तेथे उरलीच होती, व ती भागविण्यास आपल्याकडील कारखानदार पुढे आले, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे आपल्या निकालपत्रात नमूद केले. जल अधिनियम, १९७४ अन्वये उत्पादनापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. ती न घेताच हे काम सुरू झाले होते.

एकूण सुमारे ३७५ टन एच-आम्ल तेथे निघाले. त्यापायी सुमारे ८,२५० घनमीटर सांडपाणी व २,४४० टन विषारी गाळ मागे राहिला. गाळ उघड्यावर टाकला गेला. पावसाळा आला, पाणी गाळातून झिरपत जमिनीत उतरले, आणि विहिरींचे पाणी काळपट-तांबडे झाले. सुमारे ६० विहिरी निकामी झाल्या. ते पाणी माणसांना पिता येईना, गुरांना पाजता येईना, पिकांना देता येईना.

गावकरी खवळून उठले. उठाव इतका तीव्र होता की जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले. जानेवारी १९८९ मध्ये एच-आम्लाचा कारखाना बंद झाला. येथवरचे श्रेय गावाचे आहे. परंतु कारखाना बंद झाला तरी गाळ तेथेच होता. त्याच वर्षी ‘इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, माती व पाणी तपासून अहवाल दिला. काही गाळ मातीखाली दडविण्याचा व इतस्ततः पसरण्याचा प्रकारही त्या तपासणीत उघडकीस आला.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच नुकसान भरून द्यावे व जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसावा, हे तत्त्व न्यायालयाने त्यात लागू केले. पुढेही अर्जांमागून अर्ज होत राहिले. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने ३७ कोटी ३८.५ लक्ष रुपये, १९९७ पासूनच्या चक्रवाढ व्याजासह, भरण्याचा आदेश दिला. विहिरी बिघडावयास एक पावसाळा पुरला. या आदेशापर्यंत पोहोचण्यास बावीस वर्षे लागली. ज्या मुलाने पहिलीत असताना ते तांबडे पाणी पाहिले, तो या आदेशाच्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा झाला असेल. हा मुद्दा वर्गात अवश्य सांगावा.

२. प्रात्यक्षिके

शाळाभेटीत मी मुलांना विचारतो, “चांगले पाणी कसे ओळखाल?” बहुतेक ठिकाणी उत्तर येते, “नितळ असले की चांगले.” हा समज दूर करणे हा या पाठाचा पहिला हेतू आहे.

(अ) पारदर्शक बरणीत निम्म्यापर्यंत वाळू भरावी. एका कडेला पोकळ नळी उभी रोवावी. ही झाली विहीर. दुसऱ्या कडेला वाळूवर शाईचे थेंब टाकून वरून झारीने पाणी शिंपडावे. थोड्या वेळाने नळीतील पाणी पाहावे. नंतर रंगीत पाणी काढून टाकून स्वच्छ पाणी ओतत राहावे व रंग जाण्यास किती पेले लागतात ते मुलांकडून मोजवावे. दूषित करणे सोपे व निवळविणे कठीण, हे मुलांना न सांगता कळेल.

(आ) घरच्या पिण्याच्या पाण्यात मीठ विरघळवावे. ते फडक्याने गाळावे, तुरटी फिरवावी, शेवटी थोडे आटवावे. प्रत्येक वेळी चव पाहावी. गाळल्याने मीठ जात नाही, तुरटीने जात नाही, आणि आटवल्यावर पाणी अधिकच खारट होते. उकळण्याने रोगजंतू मरतात, विरघळलेली रसायने मात्र बहुधा जात नाहीत, हे येथे ठसवावे. शंकास्पद पाण्याची चव कोणीही घेऊ नये, ही सक्त ताकीद प्रारंभीच द्यावी.

(इ) गणिताची जोड : ३७५ टन मालामागे २,४४० टन गाळ, तर एका टनामागे किती? (सुमारे साडेसहा टन.) ८,२५० घनमीटर सांडपाणी, तर एका टनामागे किती लिटर? (२२,००० लिटर.)

३. पाण्याची नोंदवही

प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. गावातील विहिरी, हातपंप व ओढे यांची यादी करून दर पंधरवड्यास रंग, वास, फेस, मेलेले मासे, गुरांनी तोंड न लावणे इत्यादी जे दिसेल तेच तारखेसह लिहावे. तर्क लिहू नये. ऐकीव गोष्ट लिहिल्यास ती ऐकीव आहे असे नमूद करावे.

संशय आल्यास ग्रामपंचायतीस लेखी कळवून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावयास सांगावे. खेड्यातील तपासणी-पेटीने क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह यांसारख्या मोजक्याच गोष्टी कळतात. कारखान्यातील रसायने तिच्यात दिसत नाहीत. म्हणून अर्जात “औद्योगिक रसायनांसाठी तपासणी व्हावी” असे स्पष्ट लिहावे, एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळास द्यावी व प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी. संताप ओसरतो, तारीखवार लिहिलेला कागद मात्र पुढे तपासणाऱ्यांच्या व न्यायालयाच्या उपयोगी पडतो.

४. शिक्षकाची मर्यादा व कर्तव्य

कारखान्यात मजुरी करणाऱ्यांची मुले व विहीर बिघडलेल्या शेतकऱ्यांची मुले एकाच बाकावर बसतात. कित्येकदा ती एकाच घरची असतात. म्हणून वर्गात कोणाच्या घरच्या भाकरीला दोष लागेल असे बोलू नये. उद्योग नको, असा हा पाठ नाही. उद्योगाने आपला गाळ आपणच आवरावा, एवढेच तो सांगतो. मुलांना मोर्चाच्या अग्रभागी उभे करू नये. तथापि पाणी नासले असल्याचे डोळ्यांना दिसत असता, वाद नको म्हणून मौन धरणे हेही शिक्षकास शोभणारे नाही. ग्रामसभेत नोंदवही वाचून दाखविणे हे आपल्या मर्यादेत बसते, आणि ते आपले कर्तव्यही आहे.

५. स्वाध्याय

१. कारखाना बंद झाल्यावरही बिछडीच्या विहिरी दूषित का राहिल्या?
२. गावकरी, संस्था, शास्त्रज्ञ व न्यायालय यांपैकी प्रत्येकाने काय केले? यांतील एक जण नसता तर काय अडले असते?
३. आपल्या गावाचा नकाशा काढून त्यात विहिरी, उतार व सांडपाण्याच्या वाटा दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाचा नकाशा चांगला वठल्यास तो शाळेच्या भिंतीवर लावावा व दरवर्षी नव्या तुकडीकडून तपासून घ्यावा. पाऊस सुरू होण्यापूर्वी, जून महिन्यात, हे काम झाल्यास उत्तम.