न मागितलेल्या सेवेचा आकार : वरच्या वर्गांसाठी एक पाठ

"गुरुजी, काल पैसं भरलं आणि आज कमी झालं, तेवढं बघा की," असे म्हणून पालक मोबाइल पुढे करतात, हा अनुभव खेड्यातील शिक्षकांस आता नवा राहिलेला नाही. रक्कम बहुधा थोडी असते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु ज्या घरात मजुरीचे बोलावणे, दवाखान्याचा निरोप आणि परगावी असलेल्या मुलाची खुशाली एकाच यंत्रावर येते, तेथे शिल्लक संपून ते यंत्र मुके होणे ही लहान गोष्ट नव्हे. सबब हा विषय इयत्ता सहावी-सातवीच्या सामाजिक शास्त्रांत व गणितात अवश्य घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

प्रथम शिक्षकाने मूळ व्यवहार नीट समजून घ्यावा. बोलण्याच्या व संदेशाच्या नेहमीच्या दरांव्यतिरिक्त गाणी, विनोद, राशिभविष्य, क्रिकेटचा धावफलक इत्यादी पुरविणाऱ्या ज्या सेवा असतात, त्यांस मूल्यवर्धित सेवा म्हणतात. त्यांचा आकार दिवसाला, आठवड्याला किंवा महिन्याला लागतो, आणि सेवा बंद करेपर्यंत तो पुनःपुन्हा लागत राहतो. पालकांची समजूत मात्र अशी असते की पैसे एकदाच गेले, पुन्हा जाणार नाहीत. घोटाळा होतो तो येथेच.

सेवा सुरू कशी होते? पडद्यावर आपोआप एक चौकट उमटते, तीत इंग्रजी मजकूर असतो आणि खाली 'ओके' हा शब्द असतो. चौकट नाहीशी व्हावी म्हणून आजी ते बटण दाबते. तिच्या मते तिने दार लावले. यंत्राच्या मते तिने होकार दिला. पूर्वी तारेचा नमुना भरताना शब्द मोजून पैसे सांगितले जात व ते पटल्यावरच माणूस खिशात हात घाली. ती तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. योगायोग असा की त्याच महिन्याच्या 10 तारखेस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, मूल्यवर्धित सेवांविषयी निर्देश काढला. ग्राहकाचा होकार एकदा नव्हे, दोनदा घेतला पाहिजे, आणि दुसरा होकार सेवा विकणाऱ्याहून वेगळ्या यंत्रणेमार्फत घेतला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. नियम चांगला आहे. परंतु ज्याला पहिला मजकूर वाचता येत नाही त्याला दुसराही वाचता येत नाही, हे आपणां शिक्षकांइतके कोण जाणतो?

म्हणून पाठाचा मुख्य भाग वाचनाचा ठेवावा. मुलांनी घरच्या मोबाइलवर आलेले जाहिरातीचे दोन-तीन संदेश वहीत जसेच्या तसे उतरवून आणावेत. बँकेचे संदेश व गुप्त सांकेतिक आकडे उतरवू नयेत, ही ताकीद आदल्या दिवशीच द्यावी. वर्गात प्रत्येक संदेशाला तीन प्रश्न विचारावेत : पैसे किती? किती दिवसांनी पुन्हा? बंद कसे करावयाचे? तिन्हींची उत्तरे न सापडल्यास बटण दाबावयाचे नाही. संदेश पाठविणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आता एक रोमन अक्षर असते. 'पी' असल्यास ती जाहिरात व 'जी' असल्यास तो सरकारी संदेश समजावा. चौकट कशी घालवावी, हेही प्रत्यक्ष दाखवावे. 'ओके' न दाबता मागे जाण्याचे किंवा 'कॅन्सल'चे बटण दाबावे. सातवीच्या मुलाने हे घरी आजीला शिकविले, तर पाठाचे निम्मे काम झाले.

गणितासाठी उदाहरण सोपे आहे. दिवसाला 3 रुपयांची सेवा आहे व शिल्लक 50 रुपये आहे, तर सोळा दिवसांत 48 रुपये जाऊन 2 रुपये शेष राहतात. सतराव्या दिवशी काय होईल, हे मुलांनाच विचारावे. शेष या संज्ञेचा अर्थ इतका स्पष्ट करणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

आता उपाय. 155223 हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्यावा. या निःशुल्क क्रमांकावर फोन करून, किंवा रोमन लिपीत 'स्टॉप' असा संदेश पाठवून, सेवा बंद करता येते. गेलेले पैसे परत मागावयाचे असल्यास कंपनीच्या 198 या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तिचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजावे. निकाल न पटल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत दाद मागता येते व त्यास शुल्क नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. तेथे अर्ज पाठवून वाट पाहत बसणे व्यर्थ होय. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा 1915 हा क्रमांक मात्र जरूर नोंदवून ठेवावा. आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकास मागील सहा महिन्यांतील खर्चाचा तपशील जास्तीत जास्त 50 रुपयांत मागता येतो, ही सोय फारच थोड्यांस ठाऊक आहे.

1909 या क्रमांकाविषयी एक गैरसमज आढळतो. तेथे नोंद केल्याने जाहिराती थांबतात. आधीच सुरू असलेली सेवा थांबत नाही. तसेच "तुमचे पैसे परत देतो, आलेला आकडा सांगा" असा फोन आल्यास तो ठकाचा समजून बंद करावा.

पाठास दोन तासिका पुरतात. दुसरी तासिका गावच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवणे सोयीचे. पुष्कळ घरांत मोबाइलमध्ये पैसे बाजारच्याच दिवशी भरले जातात, व काही कमी झाले असल्यास मुलांना ते ताजे सांगता येते.