शिवज्योतीची मशाल विकायचीय? आधी वारा समजून घ्या

19 फेब्रुवारी जवळ आली की गावोगावची मंडळं शिवनेरीवर येतात, ज्योत पेटवतात आणि पळत गावाकडे नेतात. काहीजण तिथीने, फाल्गुन वद्य तृतीयेला येतात. म्हणजे जुन्नरमध्ये मशाल विकणाऱ्याला दोन हंगाम! दांडा, सुती चिंध्या, तार, तेल... भांडवल थोडंच लागतं. पण हा माल गिऱ्हाइकाच्या हातात पेटता असणार आहे.

मशालीत मुख्यतः कापड जळत नाही, तेलाची वाफ जळते. कापडाच्या बारीक छिद्रांतून तेल बाहेरच्या थरापर्यंत येतं, तापून त्याची वाफ होते, ती हवेत मिसळून पेटते. तेल पुरतंय तोवर कापड टिकतं. तेल संपलं की चिंध्या जळून निखारे गळायला लागतात.

आता वारा. वारा जिकडे वाहतो तिकडे ज्योत झुकते आणि पुढचं न पेटलेलं ओलं कापड तापवते. त्या दिशेने आग झपाट्याने पसरते, उलट दिशेने मात्र हळूहळू सरकते. वारा फारच जोराचा असेल तर ज्योत तग धरत नाही, विझते.

आणि वारा पडलेला असला तरी पळणारा स्वतःच वारा तयार करतो बरं का! ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेतीन मीटर. मशाल पुढे झुकवून पळालं, तर ज्योत दांड्यावरून थेट हाताकडे येते. दांडा उभा आणि अंगापासून लांब धरायचा, हे विकताना सांगाच.

दांड्यावर तेल ओघळलेलं असेल तर ज्योतीला खाली यायला वाटच मिळते. म्हणून बुडवलेली मशाल ठिबकणं थांबेपर्यंत टांगून ठेवा, चिंध्यांखाली पत्र्याची वाटी बसवा. टेरिकॉटच्या चिंध्या नकोत, त्या वितळून पेटते थेंब पडतात. पेट्रोल तर अजिबात नाही! थंडीतही त्याची वाफ आधीच हवेत पसरलेली असते. तिथे ज्योत सरकत नाही, एकदम भडका होतो.

विकायच्या आधी मोकळ्या मैदानात, वाळूची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवून, एक मशाल पूर्ण जाळून बघा. उभ्याने किती मिनिटं चालते आणि पळताना किती, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून दांड्याला बांधा.

विझत आलेल्या मशालीवर कॅनमधून तेल ओतायची सवय पुष्कळांना असते. आग धारेवरून कॅनपर्यंत पोचू शकते. म्हणून सुटी मशाल विकूच नका, जोडीचाच भाव लावा. एक मंदावली की दुसरी तिच्यावर पेटवायची.