आधी दिशा पाहजो, मग भाव

बापू, दुकानात जाऊन नुसतं ‘कन्व्हर्टर दाखवा’ म्हणू नको. कोणता, असं दुकानदार विचारणार. तुला सांगता आलं नाही तर समोर असेल तो तुझ्या हातात ठेवणार. अमरावतीत राजकमल चौकाकडे जा, राजापेठेत जा, नाहीतर इकडे अकोल्यात गांधी रोडला ये. हा माल सगळीकडे साधारण सारखाच भेटतो आणि घरच्या कामापुरता दोन-चारशे रुपयांत भागतो. यात पैसे बुडतात ते महाग घेतल्याने कमी, उलटा घेतल्याने जास्त.

म्हणून पहिली गोष्ट दिशेची. चित्र कॉम्प्युटरातून निघतं आणि मॉनिटरवर पोचतं. तुझा नवा लॅपटॉप एचडीएमआयवाला, घरचा मॉनिटर व्हीजीएवाला; म्हणजे तुला ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ पाहिजे. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ ही वेगळी वस्तू आहे. ती जुना सीपीयू नव्या टीव्हीला लावायला लागते, आणि तिला बहुतेक वेळा यूएसबीची वायर लावून वेगळी वीज द्यावी लागते. दोन्ही डब्या दिसायला बहिणी-बहिणी, पण एक दुसरीचं काम करत नाही. उलटी लावलीस तर पडद्यावर ‘नो सिग्नल’ येईल आणि तू बिचाऱ्या मॉनिटरला दोष देत बसशील. घरून निघताना लॅपटॉपच्या बाजूचा आणि मॉनिटरच्या मागचा, दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये काढजो. दुकानात शब्दांपेक्षा तो फोटो जास्त कामी येतो.

मध्ये चिप का लागते तेही समजून घे, म्हणजे कुणी फसवणार नाही. व्हीजीए आयबीएमने 1987 साली आणलं. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजने जातात. एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर 2002 मधला. त्यात सगळं आकड्यांत जातं. आकड्यांचं व्होल्टेज करायला मध्ये कुणीतरी पाहिजेच. ते काम डबीतली चिप करते आणि तिला लागणारी थोडी वीज एचडीएमआयच्याच पाच व्होल्टच्या पिनेवरून घेते. त्यामुळे एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए आणि आत चिपच नाही, अशी साधी वायर स्वस्तात भेटली तरी घेऊ नको. ती कधीच चालणार नाही.

डीव्हीआयचं थोडं वेगळं आहे. कॉम्प्युटरच्या पांढऱ्या डीव्हीआय पोर्टात आडव्या चपट्या फटीभोवती चार बारीक भोकं असतील, तर त्यातून व्हीजीएचा सिग्नलही निघतो. तिथे बिनचिपेचा साधा जोड पुरतो. ती चार भोकं नसतील, तर तो जोड फुकट दिला तरी उपयोगाचा नाही. डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआय काढणं बहुतेक स्वस्तात होतं. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालवायचा तर चिपवाला महाग कन्व्हर्टर लागतो. तो भाव ऐकलास की आधी एचडीएमआयवाला जुना मॉनिटर कुठे भेटतो का, ते पाहजो.

आपल्याकडे ही अडचण घरोघर आहे, त्याला कारण आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गांनी तालुक्या-तालुक्यांत कॉम्प्युटर पोचवला, पोरांसाठी आई-बापांनी हप्त्यावर सेट घेतले, आणि त्यातले कितीतरी मॉनिटर अजून धडधाकट आहेत. डिसेंबर 2010 मध्ये इंटेल, एएमडी आणि काही लॅपटॉप-मॉनिटर कंपन्यांनी 2015 पर्यंत व्हीजीए सोडून देऊ असं जाहीर केलं. कंपन्यांनी सोडलं म्हणून चालती वस्तू भंगारात घालायची नसते. शिकणाऱ्या पोराला मोठा पडदा किती उपयोगाचा असतो, हे मी पाहिलेलं आहे. त्यासाठी नवीन मॉनिटरचे हजारो रुपये मोजायची गरज नाही, एवढंच मला तुझ्या मनावर ठसवायचं आहे.

पण कन्व्हर्टर घेण्याआधी मॉनिटर खरंच धड आहे का, ते ओळखीच्या एखाद्या जुन्या सीपीयूवर लावून पाहजो. चित्र पिवळट दिसलं तर निळा रंग पोचत नाही, गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरवा पोचत नाही. अशा वेळी कन्व्हर्टर काही करणार नाही. वायरीच्या तोंडातली वाकलेली पिन पाहजो आणि चिमट्याने हळूच सरळ करजो. व्हीजीएच्या पंधरा जागांपैकी मधल्या ओळीत नववी पिन पुष्कळ वायरींना नसतेच, ते पाहून घाबरू नको. स्वस्त वायरीत बारावी आणि पंधरावी तारही कधी कधी गाळलेली असते. त्या दोन तारांवरून मॉनिटर आपलं माप कॉम्प्युटरला कळवतो. त्या नसल्या की चित्र येतं, पण भलत्याच मापाचं, फुगलेलं. लोक कन्व्हर्टर बदलत बसतात, बदलायची असते वायर.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि घरची व्हीजीए वायर सोबत नेजो, आणि त्यांच्याच मॉनिटरवर लावून दाखवा म्हणजो. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. दहा मिनिटं चालू राहू देजो. चिप गरम झाल्यावर चित्र थरथरतं का, मधेच जातं का, ते तेवढ्यात कळतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा ही तपासणी फार कामाची. खोक्यावर ‘फोर के’ लिहिलं आहे, सोन्याचा मुलामा आहे, म्हणून जास्त पैसे देऊ नको. तुझा मॉनिटर साडेअठरा इंची असेल तर त्याचं माप बहुधा 1366 बाय 768. चौकोनी सतरा इंची असेल तर 1280 बाय 1024. कन्व्हर्टर त्याहून जास्त काही दाखवू शकत नाही. सेटिंगमध्ये हेच माप आणि 60 हर्ट्झ ठेवजो, मग मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबजो. अक्षरं जागेवर बसतात.

आवाजाचं आधीच ठरव. व्हीजीएतून आवाज जात नाही. स्पीकर लावायचे असतील तर बाजूला हेडफोनचं भोक असलेला कन्व्हर्टर घेजो, पन्नास-शंभर रुपये वर गेले तरी चालतील. लॅपटॉपचाच आवाज पुरेसा असेल तर सेटिंगमध्ये त्याचे स्पीकर निवडजो, बस. आणि सेट-टॉप बॉक्स या मॉनिटरला लावायचा विचार असेल तर पैसे टाकण्याआधी लावून पाहजो. पुष्कळ कार्यक्रमांना नकलेविरुद्ध कुलूप असतं, व्हीजीएला ते समजत नाही, आणि पडदा काळा राहतो.

बिल मात्र घेजोच, आणि त्यावर मॉडेलचं नाव आणि बदलून देण्याची मुदत लिहून घेजो. ऑनलाइन पन्नास रुपये कमी दिसतील, पण उलटा किंवा बिघडलेला आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो. दुकानदार लिहिलेलं पाळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

घरी आल्यावर लॅपटॉपचा चार्जर काढून आणि मॉनिटर बंद करून मगच वायर जोडजो. आपल्या जुन्या घरांत थ्री-पिन बोर्ड असतो, पण अर्थिंगची तार कुठेच गेलेली नसते. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, त्या त्यामुळेच. तो करंट वायर खुपसताना पोर्टातून जाऊ शकतो, आणि पोर्ट गेलं की दोनशेच्या डबीपायी लॅपटॉपच्या मदरबोर्डाचा खर्च येतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे. हे काम कन्व्हर्टर आणण्याआधीच कर. आणि मॉनिटर कूलरच्या समोरून हलव. त्या ओल्या हवेने व्हीजीएच्या पिना हिरव्या पडतात.