खेळण्यातील हेलिकॉप्टर आणि त्याचा चार्जर

विजेवर चालणारे एकही खेळणे नाही असे घर आज क्वचितच सापडेल. खेळणे उडाले की मुले टाळ्या पिटतात. पण त्याच्या पोटातील घट कसा भरतो याकडे मोठ्यांचेही लक्ष नसते. वास्तविक चूक झाली तर ती उडताना होत नाही, चार्जिंगच्या वेळी होते. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय चर्चा करावी असा माझा हेतू आहे.

मेच्या सुट्टीत मी भोपाळला मावशीकडे गेलो होतो. तिचे घर पिपलानीत आहे. पिपलानी म्हणजे भेलच्या विस्तीर्ण वसाहतीचा एक भाग. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी उद्योगासाठी ही वसाहत उभी राहिली. जलविद्युत् टर्बाइन, रोहित्रे आणि रेल्वे इंजिनांच्या मोटारी बनविणाऱ्या या गावी माझ्यापुढे प्रश्न आला तो मात्र अवघ्या ४.२ व्होल्टचा! मावसभावाच्या दूरनियंत्रित हेलिकॉप्टरची चार्जिंगची वायर हरवली होती. त्यातच शेजारच्या मुलाने दुसऱ्याच कुठल्या तरी वायरने आपल्या हेलिकॉप्टरचा घट भरला आणि तो पुरीसारखा टम्म फुगला. मावशीने निक्षून सांगितले, "धोका नाही असा चार्जर मिळाला तर ठीक, नाहीतर ते खेळणे माळ्यावर जाईल." भावाचा प्रश्न साधा होता : "दादा, मोबाइलचा चार्जर लावला तर काय होईल?"

प्रथम घट पाहू. त्यावर '३.७ व्होल्ट, १५० मिलिअँपिअर-तास' असे छापलेले होते. हा लिथियम-पॉलिमर जातीचा घट होय. लिथियम-आयन घट १९९१ साली प्रथम बाजारात आला आणि त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ३.७ हा त्याचा सरासरी दाब. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देणे हिताचे नसते. १५० मिलिअँपिअर-तास ही त्याची धारिता. दोहोंचा गुणाकार केल्यास सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा येते. ४० ग्रॅम वजनाची वस्तू तत्त्वतः ५ किलोमीटर उंच नेण्यास एवढी ऊर्जा पुरेल! बोटाच्या पेराएवढ्या पुडीत इतकी शक्ती कोंडलेली असते, म्हणूनच तिच्याशी अदबीने वागावे लागते.

चार्जर निवडताना पहिला विचार दाबाचा. ४.२ व्होल्टच्या पलीकडे दाब गेला की घटातील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो, घट फुगतो आणि प्रसंगी पेटतो. मोबाइलच्या भिंतीवरील ठोकळ्यातून साधारणतः ५ व्होल्ट बाहेर पडतात. तो खऱ्या अर्थाने चार्जर नव्हेच. दाब आणि प्रवाह आवरणारे मंडल फोनच्या आत असते. म्हणून त्याच्या तारा सरळ घटाला जोडणे सर्वथा अयोग्य. काही हेलिकॉप्टरांतही असे मंडल खेळण्याच्या आतच असते आणि वायर केवळ वीज पोहोचविते. तीच वायर उघड्या घटाला लावली तर अनर्थ ओढवू शकतो.

दुसरा विचार प्रवाहाचा. धारितेच्या आकड्याइतका प्रवाह, म्हणजे येथे १५० मिलिअँपिअर, ही सुरक्षित मर्यादा मानावी. कोणी म्हणेल, हेलिकॉप्टर ६ मिनिटांत घट रिकामा करते, म्हणजे सरासरी १,५०० मिलिअँपिअर खेचते. मग भरताना इतका संकोच का? कारण असे की, भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. त्यांची गर्दी झाली की ते आत न जाता पृष्ठभागावर धातुरूपाने साचतात आणि घट कायमचा बिघडतो.

पेन्सिल सेलचा जुना चार्जर घरात होता, तोही मी बाद केला. निकेलच्या घटाचा दाब १.२ व्होल्ट आणि घट भरल्याची त्याची खूणही वेगळी. शिवाय भरल्यानंतर बारीक प्रवाह चालू ठेवण्याची त्याची रीत लिथियमला मानवत नाही.

शेवटी टीपी ४०५६ या चिपची छोटी पट्टी आणली. ती आरंभी स्थिर प्रवाह देते, ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर दाब स्थिर ठेवते आणि प्रवाह एक-दशांशावर उतरला की थांबते. परंतु बाजारातील पट्टीवर बहुधा १.२ किलोओहमचा रोधक असतो आणि त्यामुळे प्रवाह १,००० मिलिअँपिअर, म्हणजे आपल्या मर्यादेच्या साडेसहा पटींहून अधिक होतो. काकांनी डाग देऊन तो रोधक काढला आणि १० किलोओहमचा बसविला. प्रवाह सुमारे १३० मिलिअँपिअर झाला. मीटर लावून आम्ही त्याची खात्रीही केली. घट सव्वा-दीड तासात भरला आणि उघडा दाब ४.१८ व्होल्ट आला.

डाग देणे जमत नसेल त्यांनी खेळण्याच्या उत्पादकाचाच चार्जर मागवावा, किंवा प्रवाह ठरवून देता येतो असा छंदिकांचा चार्जर घ्यावा. ७.४ व्होल्टच्या घटात दोन घट जोडलेले असतात. त्याला दोन्ही घटांचा दाब समान राखणारा, तीन तारांचा चार्जरच हवा.

उत्तम चार्जर असूनही काही पथ्ये पाळावीत. उड्डाणानंतर घट थंड होऊ द्यावा. ४५ अंश सेल्सिअसच्या वर तो भरू नये. भोपाळच्या उन्हाळ्यात गॅलरीत चार्जिंग लावणे म्हणूनच वाईट. गादीवर नव्हे, फरशीवर ठेवावा आणि पहाऱ्याला मोठे माणूस असावे. फुगलेला घट टोचू नये, केरातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो संकलन केंद्राकडे द्यावा.

तात्पर्य, चार्जर घेताना पिन बसते की नाही एवढेच पाहून भागत नाही. घटाची जात, त्याचा दाब आणि त्याची धारिता या तीन गोष्टी वाचाव्यात, मग दुकानदाराकडे जावे. भौतिकीच्या तासाला आपण व्होल्ट आणि अँपिअर यांच्या व्याख्या पाठ करतो. त्या घरातील एका लहान मुलाचा हात भाजण्यापासून वाचवू शकल्या, तर ते पाठांतर सार्थकी लागले असे समजावे.