व्यालेली म्हैस आणि आंबोणातील स्निग्धांश

म्हैस व्याल्यावर तिच्या अंगी ताकद यावी म्हणून तिला गोडे तेल पाजण्याची चाल कित्येक घरी आहे. हेतू चांगला, परंतु रीत नुकसानीची आहे, असे आमचे मत आहे.

विण्यानंतर पहिले दोनतीन महिने दूध भरास येते, पण वैरण खाण्याची भूक मागाहून वाढते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा ७ धरला, तर १० लिटर दुधाबरोबर रोज ७०० ग्रॅम स्निग्धांश बाहेर जातो. आमचा जन्म जमाबंदीच्या कागदांत गेला. जमेपेक्षा खर्च अधिक झाला की शिल्लक मोडावी लागते, हे येथेही खरे. जनावर अंगावरील चरबी मोडून दूध देते, वाळते, माजावर उशिरा येते, आणि दोन वेतांतील अंतर वाढून भाकड काळाची वैरण मालकाच्या माथी बसते.

सम वजनाच्या धान्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत सव्वादोन पट शक्ती असते. शिवाय त्यांच्या पचनात अंगात उष्णता कमी उत्पन्न होते, ही गोष्ट शहादे तालुक्यातील आमच्या लोणखेड्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या गावी महत्त्वाची आहे. मग तेल का नको? कडब्याचा तंतू पचविणारे सूक्ष्म जीव म्हशीच्या कोठीपोटात असतात. मोकळे तेल तंतूवर लेप बसविते व त्या जीवांस मारक होते. वैरण पचत नाही, शेण पातळ पडते, आणि दुधातील फॅट उलट उतरते. म्हणजे घरचे तेल घालून डेअरीत दर कमी घ्यावयाचा! नळ्याने पाजताना ठसका लागून तेल फुफ्फुसात गेले, तर जनावरच गमावण्याची पाळी येते.

यास दोन उपाय आहेत. एक, कापसाच्या या मुलखात घरोघरी ठाऊक असलेली अख्खी सरकी. तिचे तेल टरफलाच्या आत असल्याने हळूहळू सुटते. १ किलो सरकीत सुमारे १८० ते २०० ग्रॅम तेल असते. दुसरा, बाजारात मिळणारे बायपास फॅट. त्यात स्निग्धाम्ले चुन्याच्या क्षाराशी बांधलेली असतात. ती कोठीपोटात विरघळत नाहीत, पुढे चौथ्या पोटातील आम्लात सुटतात.

प्रमाण मात्र जपावे. पाणी वजा जाता १२ किलो खाणाऱ्या म्हशीच्या आहारात एकूण स्निग्धांश शेकडा ६, म्हणजे ७२० ग्रॅम, याहून अधिक नसावा. पैकी निम्मा चारा व आंबोण यांतूनच येतो. उरलेल्या जागेत १ किलो सरकी, किंवा १५० ग्रॅम बायपास फॅट पुरे. घाण्याच्या ढेपेत तेल बरेच राहते, रसायनाने तेल काढलेल्या ढेपेत जवळजवळ नसते; ढेप कोणती, हे विकत घेतानाच विचारावे. बायपास फॅटला साबणासारखा वास असतो, म्हणून आठदहा दिवसांत थोडे थोडे वाढवावे, व सोबत क्षारमिश्रण चुकवू नये.

हा खर्च दिवसाला ८-१० लिटर देणाऱ्या म्हशीवर, तोही पहिले तीन महिनेच करावा. दूध उतरल्यावर चांगली वैरण व साधे आंबोण पुरते. रवंथ न करणाऱ्या लहान पारडांस सरकी मुळीच घालू नये; तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराच्या कोठीपोटात बरेचसे निष्प्रभ होते, पारडाच्या पोटात होत नाही.