लँगलीवरून उतरताना

माउंट लँगलीवर वाट चुकते ती चढताना नाही, उतरताना. आमची तशीच चुकली.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडातलं हे शिखर सुमारे ४,२७५ मीटर उंच. लोन पाइनहून गाडीने हॉर्सशू मेडो गाठा, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून एक रात्र तिथेच काढा आणि पहाटे कॉटनवुड लेक्समार्गे निघा. येऊन-जाऊन ३४ किमीच्या आसपास. वाटेतल्या मुक्कामाला परमिट लागतं, त्याच दिवशी परतणाऱ्यांना नाही. खिंडी दोन: ओल्ड आर्मी पास जवळचा, पण तिथे जुलैतही बर्फ असू शकतो. न्यू आर्मी पास लांबचा आणि सोपा.

आम्ही माथ्यावर दुपारी एकला पोचलो, म्हणजे उशिराच. उत्तरेकडून ढग भरून आले. विजेच्या भीतीने घाईने उतरू लागलो. माथ्यापासून खिंडीपर्यंत नुसती वाळू आणि घसारा, झाड एकही नाही. सकाळी त्याच वाळूने दम काढला होता, आता पाय आपोआप पळत होते. पावलांचे ठसे चहूकडे. त्यातल्या ठळक ठशांमागे गेलो. सह्याद्रीत ढोरवाटा फसवतात, इथे आपल्याआधी चुकलेल्या माणसांचे ठसे फसवतात. अर्ध्या तासाने मैत्रिणीने विचारलं, "तळी कुठे आहेत?" डावीकडे दिसायला हवी होती. आम्ही उजवीकडे, रॉक क्रीकच्या खोऱ्यात उतरत होतो. गाडीपासून दूर. वाट दाखवणाऱ्या शेवटच्या मोठ्या दगडी राशीपर्यंत पुन्हा चढायला दीड तास लागला, पाणी तिथेच संपलं.

म्हणून चढतानाच प्रत्येक राशीपाशी मागे वळा, खालच्या दिशेचा फोटो घ्या, खिंडीचा बिंदू जीपीएसवर नोंदवा. धुकं असेल तर पुढची रास दिसेपर्यंत एकाने आधीच्या राशीपाशी उभं राहावं. आणि हौसेखातर दगडांचे मनोरे रचू नका. कोणाच्या फोटोसाठी रचलेला मनोरा दुसऱ्याला चुकीच्या उतारावर नेतो. असं करणाऱ्याला मी ट्रेकर म्हणत नाही.

चुकामूक इथे जुनीच. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंग १८७१ मध्ये ढगांतून हेच शिखर चढला आणि आपण माउंट व्हिटनीवर आहोत असं समजला. खरं व्हिटनी वायव्येला होतं, हे १८७३ मध्ये उघड झालं. सॅम्युअल लँगलीने सूर्याची उष्णता मोजली तीही १८८१ मध्ये, व्हिटनीवर. त्याचं नाव मात्र या शेजाऱ्याला मिळालं.

गाडीपाशी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. हेडटॉर्च तिघांत एकच चालू होता. जादा सेल घ्या, पाणी चार लिटर, आणि बारापर्यंत माथा आला नाही तर असाल तिथून परत फिरा.